काडी-मॉडेल: कोळशाच्या थरांचं खोरं (कामाच्या नोंदी, वडोदरा)

९ नोव्हेंबर

उत्तरायण झालं की भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. आठवी-नववीच्या मुलांना कोळसा कसा होतो ते दाखवायचंय. शाळेच्या कपाटात एक जुना तक्ता आहे: झाडं, दलदल, बाण, आणखी एक बाण आणि शेवटी सरळ काळा पट्टा. "मामा, हाच मोठा करून रंगवू या का?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. तक्त्यात खोटं काही नाही, पण तो पट्टा बघून मूल धरून चालतं की कुठेही खणा, तेवढ्याच खोलीवर तेवढाच कोळसा लागणार. माझी सगळी नोकरी तेलविहिरींचे लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदी, वाचण्यात गेली. कलोल-मेहसाणा भागात विहीर खणताना कोळसा लागतोच. पण शेजारशेजारच्या विहिरींतही त्याची जाडी, मधले मातीचे पातळ पट्टे, वरचा आणि खालचा खडक यांत फरक पडतो. हा फरक का पडतो, तेच मुलांना दाखवायला हवं.

म्हणून ठरलं ते असं. प्लायच्या पाटावर काड्या उभ्या रोवायच्या, एक काडी म्हणजे एक बोअर (जमिनीत घेतलेलं तपासणीचं भोक). काडीवर खडकांच्या रंगांचे पट्टे, आणि एका काडीवरचा थर पुढच्या काडीवरच्या त्याच थराला फितीने जोडायचा.

आकडे आपणच रचायचे. कचेरीतले लॉग घरी आणायचे नसतात. खोरं बेतायचं ते खंभात बेसिनच्या आग्नेय काठाच्या धर्तीवर, म्हणजे राजपारडी, तडकेश्वर, वस्तान या लिग्नाइटच्या (तपकिरी, कच्च्या कोळशाच्या) पट्ट्यासारखं. 'आकडे शिकवण्यासाठी रचलेले आहेत' ही पाटी मॉडेलच्या पुढच्या कडेला, ठळक अक्षरात.

१२ नोव्हेंबर

प्रमाण. पाट १२० बाय ६० सेंटिमीटर. आडवं १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, म्हणजे पाटावर १२ बाय ६ किलोमीटरचा तुकडा बसतो. उभं १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर; ४० सेंटिमीटरची काडी २०० मीटर खोल. उभं प्रमाण आडव्याच्या वीसपट ताणलेलं झालं. ते टाळता येत नाही, कारण खऱ्या प्रमाणात दहा मीटरचा थर इथे एक मिलिमीटर भरेल. पण ताणलेल्या प्रमाणाने डोळा फसतो: जमिनीतला ३ अंशांचा उतार मॉडेलवर सुमारे ४६ अंशांचा दिसतो आणि ६० अंशांचा फॉल्ट (थर जिथे तुटून सरकतात ती भेग) जवळजवळ भिंतीसारखा उभा. हेही पाटीवर जाईल.

काड्या चार ओळींत, ओळीत सहा. ओळी अ, ब, क, ड. आकडे पूर्वेकडून: १ म्हणजे खोऱ्याचा काठ, ६ म्हणजे खोल बाजू. दोन काड्यांत दोन किलोमीटर. खऱ्या खाणीवर बोअर याहून पुष्कळ जवळ घेतात, पण इतक्या काड्या रोवल्या तर मध्ये हात जाणार नाही.

१६ नोव्हेंबर

मिस्त्रीभाईंनी तळ कापून दिला. उंचसखल थर्माकोल बघून विचारलं, "आ टेकरो शेनो?" टेकडी कसली, तर डेक्कन ट्रॅपची, म्हणजे जुन्या लाव्हाच्या खडकाची.

खंभात बेसिन म्हणजे जमीन ताणली जाऊन खचलेली लांबट खोबण, सुरतेपासून पार राजस्थानातल्या सांचोरपर्यंत. तळाला आपल्या ओळखीचाच काळा बसाल्ट, सह्याद्रीत दिसतो तोच. तो खचला तेव्हा सपाट नव्हता. त्यावर दऱ्या होत्या, टेपाडं होती, वरचा भाग कुजून लाल-पांढरी माती झाली होती. ट्रॅपचाच झिजलेला गाळ आधी खोलगट जागी भरला आणि दलदल आली ती त्याच्यावर.

म्हणून क-३ काडीपाशी मी मुद्दाम टेपाड ठेवलं आहे. मॉडेलमध्ये कोळशाचे थर दोन, त्यातला खालचा तिथे नाहीच. टेपाड तेव्हा पाण्याबाहेर होतं, त्यावर पीट (पाण्याखाली अर्धवट कुजलेला झाडोरा) साचायला जागा नव्हती. शेजारच्या क-२ आणि क-४ वर थर आहे पण पातळ, दोन-तीन मीटरांचा. टेपाडापासून लांब अ-३ ला तोच थर १४ मीटर. खालच्या थराची जाडी बहुतेक तळाच्या खड्ड्यांवर ठरते, कारण सुरुवातीला जागा खड्ड्यांतच असते. वरचा थर यायच्या वेळेस खड्डे भरलेले असतात, मग त्याची जाडी दुसऱ्या कारणांनी बदलते. दोन्ही थर एकाच पद्धतीने काढून चालणार नाही.

२० नोव्हेंबर

अंकलेश्वरकडे बॉयलर चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाने लिग्नाइटचं ढेकूळ पाठवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं तोवर गडद तपकिरी, जड, हाताला दमट. त्यात लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतात. एका बाजूला मुगाएवढा पिवळसर पारदर्शक मणी. भिंगाखाली धरला तर राळ. दांडिया बाजारातून आलेल्या पाहुण्यांना दाखवलं, त्यांनी ते जळकं लाकूड समजून बाजूला ठेवलं.

गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवलं आहे. बघू काय होतं.

२३ नोव्हेंबर

काड्या रंगवायला घेतल्या. रंगवण्याआधी भाचीला थराच्या जाडीचं गणित समजावलं, कारण मुलं तिलाच विचारणार.

झाडं पडतात, पाण्याखाली जातात, पाण्यात हवा कमी म्हणून पूर्ण कुजत नाहीत, त्यांचं पीट होतं. उष्ण दलदलीत पीट वर्षाला मिलिमीटरभर वाढलं, तर दहा मीटरला दहा हजार वर्षं. पण तेवढी वर्षं पाण्याची पातळीही त्याच चालीने वर यायला हवी, म्हणजे जमीन खचायला हवी किंवा समुद्र चढायला हवा. खचणं जास्त झालं तर दलदल बुडते, तळं होतं, वर गाळ बसतो, कोळसा संपला. खचणं कमी पडलं तर पीट उघडं पडतं, हवा लागून कुजतं, कोळसा तिथेही संपला. थर जाड याचा अर्थ झाडी दाट होती एवढाच नाही. ही दोन्ही गणितं फार काळ जुळून राहिली, हा खरा अर्थ. सिंगरौलीतला झिंगुर्दा थर १३० मीटरांहून जाड आहे, म्हणजे तिथे ती किती काळ जुळली असतील ते बघा. आणि तेही नुसत्या कोळशात. पीट दबून त्याचा कोळसा होताना जाडी पुष्कळ घटते.

"मग पातळ थर म्हणजे दलदल लहान?" तिने विचारलं. तसं नाही. दलदल शेकडो चौरस किलोमीटर पसरलेली असू शकते, फक्त टिकली थोडा काळ. थराची जाडी आणि त्याचा विस्तार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हे तिने वहीत लिहून घेतलं, मला बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

वरचा थर फाटतो ते आज केलं. मॉडेलचा गाभा हाच, म्हणून वेळही इथे गेला.

अ-३ वर तो सलग ९ मीटर. अ-४ वर मध्ये ३ मीटर माती आली, कोळशाची वरखाली दोन पानं झाली. अ-५ वर मधली माती १० मीटर. अ-६ वर तीन पानं, आणि मधला एकूण गाळ २० मीटरांहून जास्त. तीनही पानांची बेरीज केली तरी कोळसा ९ मीटर भरत नाही.

कारण दोन, आणि ती एकमेकांत गुंतलेली. पश्चिमेकडे खोरं जास्त वेगाने खचत होतं, तिथे दलदल अधूनमधून बुडायची. आणि नदी खोल जागा शोधते. पूर आला की तिचं गढूळ पाणी काठ फोडून दलदलीत शिरतं, गाळ टाकून जातं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या भागात शिरलं होतं. ओसरल्यावर पाहिलं तर गटाराजवळच्या घरांच्या अंगणात वीतभर गाळ, चार घरं सोडून बोटभर, गल्लीच्या टोकाला फरशीवर नुसतं धुळीसारखं पांघरूण. थरातली पार्टिंग, म्हणजे कोळशाच्या मधला मातीचा पट्टा, ती हीच. नदीच्या बाजूला जाड, लांब जाताना पातळ, आणि एका जागेपलीकडे दिसेनाशी. तिच्याही पलीकडे दलदलीला पूर आल्याचं कळलंसुद्धा नाही. झाडं वाढतच होती, थर सलगच राहिला.

पूर गेल्यावर गाळावर पुन्हा झाडं आली तर वरचं पान सुरू होतं. त्या पानाच्या खालच्या मातीत मुळांचे बारीक काळे धागे सापडतात. मुळं तिथेच रुतलेली, म्हणजे झाडं तिथेच वाढलेली, कुठून वाहून आलेली नाहीत. आपल्याकडे गोंडवना (झरिया, सिंगरौली, चंद्रपूरकडच्या जुन्या) कोळशाबद्दल वाहून आलेल्या लाकूडफाट्याचा पक्ष बराच काळ जोरात होता. त्यामुळे बोअरच्या नमुन्यात खालच्या मातीत मुळं आहेत की नाहीत हे बघणं हा केवळ सोपस्कार नाही.

आणखी एक गोष्ट मॉडेलवर नीट दाखवता येत नाही, पण नोंदून ठेवतो. पीट फार दबतं, वाळू जवळजवळ दबत नाही. म्हणून नदीच्या वाळूचा पट्टा नंतर उंचवट्यासारखा उरतो, दोन्ही बाजूंचं पीट खाली बसतं, आणि पुढची नदी त्या बसलेल्या जागेतून वाहते. म्हणजे एका थराच्या फाटण्याची जागा वरच्या थराच्या फाटण्याची जागा ठरवते. फितीला इथे थोडा बाक दिला. वळलेल्या फितीपेक्षा ताणलेली फीत छान दिसते, असं भाचीचं मत; छान दिसण्याने काम भागत नाही, असं माझं.

अर्ध्या मीटरची पार्टिंग म्हणजे काडीवर एक मिलिमीटर. तीन शून्य नंबरचा ब्रश, आणि चष्मा काढून.

४ डिसेंबर

मंगळ बाजारातून फिती आणल्या: लिग्नाइटला तपकिरी, मातीला राखाडी, वाळूला पिवळी, समुद्री शेलला (चिखलाच्या पापुद्री खडकाला) निळी. उताराच्या रेषांना पतंगाचा साधा दोरा. मांजा नको, मुलं हात लावणार. येताना सेव-उसळ.

ढेकळाला चिरा पडल्यात. कडेचे तुकडे आपोआप सुटताहेत.

७ डिसेंबर

भाचीचा प्रश्न: "जमिनीखालचं न बघता तुम्हाला कळतं कसं की कोळसा आहे?"

हा माझ्या घरचा विषय, म्हणून ब-५ काडीच्या शेजारी कागदी लॉगची पट्टी लावायची ठरवली. विहिरीत उपकरण सोडून ते वर ओढताना मोजत जातात. कोळसा आला की घनतेची रेषा एकदम पडते: पाण्याच्या मानाने शेल साधारण अडीचपट, कोळसा दीडपटीच्या खाली. गामा किरणं कमी, कारण किरणोत्सर्गी मूलद्रव्यं मातीत जास्त असतात, स्वच्छ कोळशात थोडी. विद्युतरोध जास्त. ध्वनीला वेळ जास्त लागतो. कॅलिपरची (विहिरीची रुंदी मोजणारी) रेषा पुष्कळदा बाहेर फुगते, कारण कोळसा ठिसूळ, विहिरीच्या भिंतीतून गळतो. ड्रिलिंगवाले त्याला शिव्या घालतात. आम्ही मात्र खूश, कारण एवढी ठळक खूण दुसऱ्या खडकाची नसते. कलोलमध्ये वाळूचे थर जुळवताना आधी कोळसा जुळवायचा, हा आमच्या सेक्शनचा रिवाज.

मात्र लॉगला मर्यादा आहे. फार पातळ पार्टिंग त्याला वेगळी दिसत नाही, वरखालच्या कोळशाशी मिसळून सरासरी येते. मग तिथे कोळसा 'राखेचा' वाटतो. नमुना हातात आल्यावर कळतं की कोळसा चांगला आहे, मध्ये बोटभर माती आहे.

थर मोजण्याची उलटसुलट रीत तिला मजेची वाटली. झरियात थरांना खालून नंबर देतात, आधी साचला तो पहिला. कलोलचे तेलथर वरून मोजतात, कारण ड्रिलला वरचा आधी लागतो. आम्ही मॉडेलवर 'खालचा' आणि 'वरचा' एवढंच ठेवलं.

१४ डिसेंबर

ढेकळावर पांढरी-पिवळसर बुरशी आल्यासारखं दिसतं. बुरशी नाही. कोळशातल्या पायराइटला (लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला) दमट हवा लागून लोखंडाचं सल्फेट झालं. त्याच्याखालचं वर्तमानपत्र तपकिरी होऊन तिथेच फाटलं, आम्लाने. हे ढेकूळ त्याच कागदासकट प्रदर्शनात ठेवायचं, काचेच्या बरणीत. राखीव तुकडा पाण्यात बुडवून ठेवला आहे, तो अजून पहिल्यासारखा.

गंधक आलं कुठून? समुद्रातून. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, नदीच्या पाण्यात फार थोडं. दलदलीवर समुद्र चढला की पीटमधले जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, ते लोखंडाशी जुळून पायराइट होतं. समुद्र चढायच्या आधी गोड्या पाण्याच्या मातीचं जाड पांघरूण पडलं असेल तर खालचं पीट वाचतं. अमेरिकेत इलिनॉय बेसिनमध्ये हे छान दिसतं. तिथला हेरिन थर बहुतेक भागात गंधकाचा, पण वॉल्शव्हिल नावाच्या जुन्या नदीपात्राच्या कडेने, जिथे नदीने वर गाळ टाकला, तिथे गंधक कमी. थर एकच, दलदल एकच, फक्त छत, म्हणजे थरावरचा खडक, बदललं.

म्हणून आमच्या ड ओळीत वरच्या थराचं छत थेट निळं, अ ओळीत मध्ये राखाडी. मुलांना विचारायचं: गंधक कुठे जास्त?

वस्तानची गोष्टही इथेच सांगायची. तिथल्या दोन मुख्य थरांच्या मधल्या शेलमध्ये जमिनीवरच्या प्राण्यांची हाडं मिळाली: वटवाघळं, साप, पक्षी, घोडा-गेंड्याच्या वंशाजवळचा कॅम्बेथेरियम. आणि त्याच खाणीच्या थरांत समुद्रातल्या न्युम्युलाइट या एकपेशी जीवांची कवचंसुद्धा. म्हणजे किनारा तिथेच आतबाहेर करत होता, साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास. राळेत अडकलेले कीटकही तिथलेच. २०१० मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं, आणि राळ डिप्टेरोकार्प झाडांची निघाली, म्हणजे आपल्या सालाच्या कुळातली. भारत तेव्हा विषुववृत्ताजवळ होता आणि सुरतेच्या जवळ असं पावसाचं जंगल होतं. मुलांना ढेकळातला मणी दाखवायचा तो हे सांगताना.

२१ डिसेंबर

कोऱ्या जागा. तीन काड्यांवर थर नाही, आणि तिन्हींची कारणं वेगळी ठेवली आहेत.

क-३ वर खालचा थर मुळात साचलाच नाही, टेपाड होतं. खूण: त्याच्यावरचे पट्टेही तिथे पातळ होतात, टेपाडावर ओढलेल्या पांघरुणासारखे वाकतात.

ब-२ वर वरचा थर साचला होता, पण नंतर नदीने खरवडून नेला. खूण: जागेवर जाड पिवळी वाळू, तिचा तळ कापल्यासारखा, तळाशी मातीच्या गोट्या आणि कोळशाचे तुकडे. ते तुकडे बारीक काळ्या ठिपक्यांनी दाखवले. ठिपके नसते तर हे कोडं सुटलं नसतं.

क-५ वर थर साचला, टिकलाही, पण बोअर नेमकी फॉल्टमधून गेली. ताण पडून झालेल्या फॉल्टमध्ये एक बाजू खाली सरकते, आणि उभ्या बोअरला मधले थर चुकतात. खूण: कोळशाबरोबर त्याच्या वरखालची माती आणि वाळूही गायब, एकदम २५ मीटरांचा ऐवज नाही.

मॉडेलमधली माझी सगळ्यात लाडकी जागा हीच. काडीवर तिन्ही ठिकाणी नुसतं 'कोळसा नाही' एवढंच दिसतं. पण खाण काढणाऱ्याला तिघांचे परिणाम वेगळे. टेपाडाभोवती वळसा घालून जायचं असतं. नदीच्या पट्ट्याची दिशा ओळखली की तो ओलांडून पुढे थर पुन्हा मिळतो. फॉल्टपलीकडे तोच थर असतो, फक्त खाली.

२८ डिसेंबर

जावईबापू चंद्रपूरचे. मॉडेल बघून म्हणाले, "मामा, आमच्याकडचा काळा कुळकुळीत, तुमचा हा तपकिरी. जुना तो पक्का, नवा तो कच्चा, असंच ना?"

वर्धा खोऱ्यातला कोळसा पर्मियन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्यामुळे बोलणं बरोबर वाटतं, पण कारण वय नव्हे. मॉस्कोभोवतीचा कोळसा त्याहूनही जुना, कार्बोनिफेरस काळातला, तरी आजही तपकिरीच आहे, कारण तो कधी खोल गाडला गेलाच नाही. कोळसा पक्का होतो उष्णतेने, आणि उष्णता खोलीबरोबर वाढते. कार्ल हिल्ट यांनी १८७३ मध्ये नोंदवलं ते हेच: एकाच उभ्या छेदात खाली जावं तसा कोळसा पक्का होत जातो. खंभात बेसिनची जमीन तर आधीच जास्त गरम. वस्तानचा थर काठावर उथळ राहिला म्हणून लिग्नाइट. मेहसाणाकडचे थर शेकडो मीटर ते किलोमीटरहून खाली आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

२०० मीटरांच्या मॉडेलमध्ये हा फरक दिसायचा नाही. म्हणून ६ नंबरच्या काड्यांपलीकडे एक लांब कागदी बाण लावला आहे, 'इकडे खोल आणि गरम' असं लिहून. जावईबापूंनी गोंडवनासाठी दुसरं मॉडेल मागितलंय. बघू.

१८ जानेवारी

मॉडेल शाळेत पोचलं. रिक्षात आडवं धरून आणलं, ड-१ काडी तेवढी हलली, तिथेच फेव्हिकॉलने बसवली.

मुलांशी खेळ ठरला तो असा. मी ब-२ काडी उपटून घ्यायची, भोकावर कागद लावायचा, आणि शेजारच्या काड्या बघून तिथे काय लागेल ते त्यांनी चिठ्ठीवर काढायचं. बहुतेकांनी ब-१ आणि ब-३ मधून सरळ फीत ओढली. अ-२ वरही त्याच नदीची वाळू आहे; एका मुलीने मात्र तिच्यातले काळे ठिपके बघून थर अर्धा कापलेला काढला. तिला विचारलं तर म्हणाली, "सर, हे तुकडे कुठून तरी तुटून आलेत ना?"

भाचीने त्यावरून पुढचा प्रश्न तयार केला आहे: एकाच नव्या बोअरचे पैसे आहेत, ती कुठे घ्याल? माझं उत्तर ब-२ आणि क-२ च्या मधोमध, म्हणजे नदीच्या पट्ट्याची दिशा पक्की होईल. तिचं उत्तर फॉल्टपलीकडे, क-५ आणि क-६ च्या मध्ये. दोन्ही जागी लाल टाचण्या लावल्या आहेत. खालच्या चिठ्ठीवर मुलांनी आपली जागा आणि एका वाक्यात कारण लिहायचं, कारणाशिवायची चिठ्ठी धरायची नाही.